नऊ माणसं आणि एक टेबल

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय. लांब होतं, थोडं आखडून देते.

«ताई, नमस्कार. आमच्या गावात १९८८ साली सुरू झालेलं बाग मंडळ आहे. गेली १४ वर्षं मी त्याची चिटणीस. एके काळी १६० सभासद होते. आज वर्गणी भरणारे ३१, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी प्रत्यक्ष येणारे नऊ. त्यातल्या दोघांना वाचनालयाचा जिना चढवत नाही. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र ३४० जण आहेत आणि तिथं दिवसरात्र गजबज असते. आमचा खजिनदार तिशीतला, कामाचा मुलगा. तो म्हणतो, ‘मावशी, छाटणीपासून किडीपर्यंत सगळं यूट्यूबवर मिळतंय. मंडळ हवंय कुणाला? ठेवीतले एक लाख वीस हजार सभासदांत वाटून टाकू आणि गट तेवढा चालू ठेवू.’ त्याचं चुकतंय असंही मला म्हणता येईना. मंडळ बंद करू का? खरं मत सांगा, नुसता धीर देऊ नका.

ता. क. ज्यांनी मंडळ काढलं त्या मास्तरांनी कुठूनसा आणलेला एक गुलाब माझ्या अंगणात आहे. फिका गुलाबी, दाट पाकळ्यांचा, वास इतका की फाटकापर्यंत येतो. नाव कुणालाच ठाऊक नाही, आम्ही ‘मास्तरांचा’ म्हणतो. पूर्वी पाचसहा घरी होता, आता माझ्याकडेच उरलाय. ॲपला फोटो दाखवला तर दर वेळी वेगळंच नाव सांगतं. तुम्हाला ओळखू येईल का?»

चिटणीसबाई,

धीर देऊ नका म्हणालात, म्हणून आधी कडू तेवढं सांगून टाकते. तुमचा खजिनदार निम्मा बरोबर आहे.

माहिती देणं हे मंडळाचं काम आता उरलेलं नाही. मी गुलाबाला डोळा भरायला, म्हणजे एका झाडाचा अंकुर काढून दुसऱ्याच्या सालीत बसवायला, शिकले तेव्हा त्यासाठी सांगलीहून पुण्याला गेले होते, एका प्रदर्शनात. एक माळीबुवा टेबलावर बसून भराभर डोळे भरत होते आणि आम्ही वीसपंचवीस जण एकमेकांच्या खांद्यावरून माना लांब करून बघत होतो. मला दिसला तो बहुतेक वेळ समोरच्या गृहस्थांचा कान. आज तेच काम चार मिनिटांच्या व्हिडिओत, जवळून, हवं तितक्या वेळा मागं घेऊन बघता येतं. हे वाईट झालं असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कधी चाकू नव्हता, एवढंच मी म्हणेन.

आणि वनस्पतींवर प्रेम करणाऱ्यांचा खरा गोतावळा इंटरनेटवर जमूच शकत नाही, असंही नाही. ‘ईफ्लोरा ऑफ इंडिया’ हा उद्योग २००७ साली ईमेलवरच्या एका गटातून सुरू झाला. देशभरातले लोक रानात दिसलेल्या झाडाझुडपांचे फोटो टाकतात आणि जाणकार मंडळी ओळख पटवतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी मिळून भारतीय फुलझाडांचा मोठा चित्रसाठा उभा केलाय. तेव्हा स्क्रीन वाईट आणि सतरंजी चांगली, असला सरधोपट हिशोब माझ्याकडून होणार नाही.

मंडळांबद्दलही माझ्या मनात भाबडेपणा नाही. मी एका मंडळात अकरा वर्षं काढली. पाहुण्यांचं स्वागत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, ‘वृक्षवल्ली’वरून सुरू होऊन घसरत जाणारं भाषण, आभार, चहा-बिस्कीट. एकदा दीपप्रज्वलनाला कुणाला बोलवायचं यावर चाळीस मिनिटं खल झाला. मागच्या रांगेत एक गृहस्थ मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत शेंड्यापासून काळी पडत आलेली गुलाबाची फांदी. कार्यक्रम संपला, चहा झाला, आणि ती पिशवी न उघडताच ते घरी गेले. पुन्हा आले नाहीत. मीही पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही. तुमचं मंडळ असं असेल तर खुशाल बंद करा. गावातलं एक झाडसुद्धा त्यानं सुकणार नाही.

पण ती पिशवी उघडली गेली असती तर काय झालं असतं, तिथून खजिनदाराचा उरलेला निम्मा चुकायला लागतो.

आमच्याकडच्या एका गटातली गोष्ट सांगते. कराडकडच्या एका मुलीनं मोगऱ्याचा फोटो टाकला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अर्ध्या तासात एकवीस उत्तरं. एप्सम सॉल्ट घाला. केळीची सालं पुरा. ताक ओता. लोहाचं चिलेट फवारा. पाणी कमी करा. पाणी वाढवा. तिनं आळीपाळीनं सगळं केलं. दोन महिन्यांनी ती कुंडी उचलून आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कंपाउंडरांकडे आली. त्यांनी पानाकडे बघितलंच नाही. कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड दाखवली आणि विचारलं, “पाणी बोअरचं का?” बोअरचं जड पाणी वर्षभर घालून मातीत चुना साठला होता. मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नव्हतं. माती बदलली, पावसाचं पाणी साठवून घालायला लागली, दीड महिन्यात नवी पालवी हिरवी आली. एकवीसातल्या चिलेटवाल्याचा नेम जवळ लागला होता, पण तो चुना काही त्याला दिसला नव्हता. दिसणार कसा? माणूस ज्याला दुखणं समजतो त्याचाच फोटो काढतो. तिनं पानाचा काढला होता. कुंडीचा काठ चौकटीबाहेर होता.

तशीच गुलाबाच्या जंगली फुटीची गोष्ट. “झाड बघा कसं जोमात आलंय, पण फूलच नाही,” असा फोटो तुमच्याही गटात दर महिन्याला येत असेल. खाली फॉस्फरसचे सल्ले पडतात. कुणी म्हणतं, सात-सात पानं आलीत म्हणजे जंगली. ही सात पानांची खूण धरून चालू नका, चांगल्या गुलाबांनाही कधी कधी सात येतात. फूट डोळ्याच्या जोडाच्या वरून निघालीय की खालून, एवढंच बघायचं. खालून, म्हणजे खुंटातून, ज्या जंगली बुडावर डोळा भरलेला असतो त्यातून, निघाली असेल तर ती बुडाशी ओढून काढायची. नाहीतर खुंट सगळं खाऊन बसतो आणि वरचं कलम मरतं. पण जोड बऱ्याचदा मातीखाली गेलेला असतो. तो शोधायला माती उकरावी लागते. बोटानं.

छाटणीचंही सांगते, कारण यात सगळ्यात जास्त झाडं मरताना मी पाहिलीत. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ थंड देशांतले. ते लोक सांगतात, थंडी सरत आली की, फेब्रुवारी-मार्चात गुलाब कडक छाटा. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे, पुढं त्यांना वसंत मिळतो. आपल्याकडे फेब्रुवारीत छाटलेल्या झाडाला पुढं मार्च-एप्रिल मिळतो. नवी कोवळी फूट भाजून निघते. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात पाऊस ओसरला की ऑक्टोबरची छाटणी. मग साधारण दीड महिन्यात, थंडी पडायच्या सुमाराला, फुलं. आता त्यातही महाबळेश्वरच्या अंगाचं गाव, वाईचं गाव आणि माणदेशातलं गाव यांचा पाऊस सारखा ओसरत नाही. तुमच्या गावात तो नेमका कधी ओसरतो, हे त्या नऊ माणसांना ठाऊक आहे. तीस-पस्तीस ऑक्टोबर त्यांनी तिथं काढलेत. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे शोधून सापडण्याचाही प्रश्न नाही.

एक गोष्ट मात्र मी नेटच्या बाजूनं मान्य करणार नाही. ती म्हणजे तोंड लपवण्याची सोय. निळ्या गुलाबाचं बी, काळ्या गुलाबाचं बी, सप्तरंगी गुलाबाचं बी. दर वर्षी कुणीतरी मागवतं. गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी येत नाही, ती कलमानंच वाढवावी लागते, ही पहिलीच गोष्ट. आणि निळ्याचं म्हणाल तर जपानच्या सनटोरी कंपनीनं जनुकं बदलून जो ‘निळा’ गुलाब २००४ साली जाहीर केला, तोसुद्धा डोळ्यांना जांभळटच दिसतो. पाकिटातून उगवतं ते कसलंतरी गवत. बी विकणारा तोवर नाव बदलून पुन्हा दुकान मांडून बसलेला असतो. मंडळातल्या माणसानं तुम्हाला चुकीचं कलम दिलं तर तो पुढच्या दुसऱ्या रविवारी समोर बसलेला असतो आणि पुढची पाच वर्षं त्याची त्यावरून थट्टा होते. आमच्या इथं एकानं ‘पिवळा’ म्हणून वाटलेली शेवंती पांढरी निघाली. त्यांना अजून लोक “पिवळे” म्हणतात.

आता तुमच्या खजिनदाराला एक प्रश्न विचारा. ज्यांचं पोट झाडांवर आहे ते काय करतात?

माझं सासर तासगावकडचं, द्राक्षाचं. दीरांच्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲप, औषध दुकानदारांचे गट, सल्लागाराचे व्हिडिओ, सगळं आहे. तरी ऑक्टोबर छाटणीच्या आधी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं चर्चासत्र ते चुकवत नाहीत. हा संघ १९६० सालचा. तिथून परतताना गाडीत चार जण असतात आणि वाटेत कुणाच्या ना कुणाच्या बागेत उतरून काडी दाबून, डोळा चिरून बघतात. खरं चर्चासत्र तिथं होतं, असं माझं मत. दिरांना ते पटत नाही, त्यांना जेवणही आवडतं.

द्राक्षाच्या जाती आपल्याकडे कशा आल्या, ते बघा. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी बागेतल्या वेलींमधली वेगळी काडी हेरली, वाढवली, आणि ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या जाती महाराष्ट्राला मिळाल्या. हजारो वेलींत एका फांदीचा मणी लांब आलाय हे दिसायला शेतकऱ्याची नजर लागते, ते खरंच. पण ती काडी त्यांच्याच बागेत राहिली असती तर ती जात झाली नसती. लोक बघायला आले, काड्या घेऊन गेले, आपल्या मातीत लावून बघितल्या, तुमच्याकडे कशी आली, आमच्याकडे अशी आली म्हणून बोलले. तेव्हा कुठे ती जात ठरली. एका माणसाच्या नजरेमागं अशी पुष्कळ माणसं उभी असावी लागतात. मंडळ म्हणजे मला तरी हेच वाटतं, मग त्याची नोंदणी असो की नसो.

आणि आता मला तुमच्या ताज्या कलमाकडे यायचंय. म्हणजे ता. क.कडे. खरं सांगू, पत्र वाचताना मंडळाच्या हिशोबापाशी मी थोडी पेंगले होते. ‘आता माझ्याकडेच उरलाय’ या तीन शब्दांनी जागी झाले.

फोटोवरून मला तो ओळखू येणार नाही, आणि येतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फिक्या गुलाबी, दाट, वासाच्या गुलाबांची रांग लागेल. ॲप वेगवेगळी नावं सांगतं, त्याला बिचाऱ्याला दोष नाही. त्याला वास येत नाही, काटा वाकडा की सरळ हे चाचपता येत नाही, आणि फूल उमलून गेल्यावर पाकळ्या झडतात की देठावरच कुजतात हे बघायला ते थांबत नाही.

नावांचं काम कोण करतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. जगात कुणी नवी जात काढली तर तिचं नाव नोंदवणारी एकेक अधिकृत जागा ठरलेली असते. गुलाबाची नोंद अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते. ऑर्किडच्या संकरांची लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. बोगनवेलीची जागतिक नोंद आपल्याकडे आहे, दिल्लीच्या पुसा संस्थेत, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत. म्हणजे एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा बराच भार झाडवेड्यांच्या मंडळांनीच उचललाय. ज्या बोगनवेलीला एकाच झाडावर पांढरी आणि राणी रंगाची फुलं येतात, निम्म्या महाराष्ट्राच्या कुंपणावर जी आहे, ती ‘मेरी पामर’ कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत सापडली. ही सोसायटी १८२० साली विल्यम कॅरी यांनी काढली. तेच कॅरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. क्रियापदं आणि कलमं दोन्ही सांभाळणारा माणूस. मला त्यांच्याबद्दल उगाचच जवळीक वाटते.

तर नाव हरवलेल्या गुलाबांचं परदेशातले जुन्या गुलाबांचे शौकीन काय करतात? जुन्या वाड्यांतून, दफनभूमींतून असे बेवारस गुलाब ते शोधून आणतात आणि ओळख पटेपर्यंत एक तात्पुरतं नाव देतात. जिथं सापडला त्या जागेचं, किंवा ज्यांच्या दारात सापडला त्यांचं. अवतरणचिन्हात लिहितात, म्हणजे हे खरं नाव नव्हे एवढं कळावं. तेव्हा ‘मास्तरांचा’ हे नाव तुम्ही अगदी रीतसर ठेवलंय. तसंच राहू द्या. नाव मागाहून मिळेल किंवा मिळणार नाही. आधी झाड राहिलं पाहिजे.

ते एकाच अंगणात आहे, बाई. मुळं खाणारी एक हुमणी लागली, एक गवंडी आला, एक उन्हाळा तुम्ही मुलाकडे राहिलात, की संपलं.

हे मी अनुभवानं बोलतेय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात आलं तेव्हा बाग पाच दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर राहिला तो गाळ आणि वास. माझे २६ गुलाब गेले. त्यातले विकत मिळणारे होते ते मी पुढच्या दोन वर्षांत पुन्हा आणले, त्यांचं दुःख नव्हतं. एक होता सासूबाईंनी माहेराहून आणलेला, गावठी, लहान फुलाचा. तो कुठल्या रोपवाटिकेत मिळणार? त्याचे डोळे मी दहा वर्षांपूर्वी त्याच कंपाउंडरांना भरून दिले होते, आणि दिल्याचं विसरूनही गेले होते. डिसेंबरात ते स्वतः कुंडी घेऊन आले. त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं, कुणाकडून, कोणत्या साली. अशी वही ठेवणारा माणूस ज्या मंडळात असतो ते मंडळ मी बंद करू देणार नाही. इंग्लंडमध्ये १९७८ पासून याच कामाची एक संस्था आहे, प्लँट हेरिटेज नावाची. घराघरांतली माणसं एकेका वनस्पतीचा संग्रह सांभाळतात आणि तो जाऊ नये म्हणून जोड दुसरीकडे ठेवतात. आपल्याकडे अकोल्याच्या, म्हणजे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, रहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचं हेच केलं. त्यांच्या कामाला २०२० साली पद्मश्री मिळाली.

तुमच्या नऊ जणांकडे असं आणखी काय काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे का? मला दाट संशय आहे की नाही. कुणाच्या परसात आजीचा सोनटक्का असेल, कुणाकडे गावचं म्हणून आणलेलं लिंबू, कुणाकडे नाव लिहिलेली पट्टी गंजून पडलेले जुने जास्वंद. याची यादी करा. आणि ही यादी खजिनदाराला करू द्या. तो तुमचा शत्रू नाही. तो तुम्हाला मावशी म्हणतो, हिशोब ठेवतो, आणि ज्या गोष्टीचा उपयोग दिसत नाही तिच्यावर वेळ घालवायला नको म्हणतो. त्याला उपयोग दाखवा. कोणतं झाड, कुणाच्या घरी, कुणाकडून आलं, कोणत्या साली, दुसरी प्रत कुठं, एवढ्या पाच रकान्यांची त्यानं फोनवर यादी बनवली, फोटो जोडले, की त्या गटातल्या ३४० जणांपैकी चाळीस जण तरी “हे मला मिळेल का” म्हणून विचारतील. त्यांना एकच उत्तर द्यायचं: मिळेल, दुसऱ्या रविवारी या.

वाचनालयाचा जिना सोडा. तळमजल्यावर, कुणाच्या ओसरीत, शाळेच्या व्हरांड्यात बसा. एक टेबल ठेवा. टेबलावर एका बाजूला आजारी झाडं, दुसऱ्या बाजूला द्यायची कलमं आणि बी. पाहुणे नकोत, शाल नको. भाषण हवंच असेल तर आजारी झाड ज्यानं आणलं त्यानं करावं. चहा ठेवा, चहा काही मी काढून घेत नाही. गटावर फक्त वार, वेळ आणि ‘या महिन्यात टेबलावर काय’ एवढं जाऊ द्या. शुभ सकाळची फुलं कुणी टाकली तर टाकू द्या, लोकांना आवडतात.

पैशांचं. वाटून टाकू हे खजिनदार सहज बोलला असेल, पण मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असेल तर तसं करता येत नाही. बंद करायला तीन पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि देणी भागवून उरलेली पुंजी सभासदांना मिळत नाही, दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. ठेव मोडायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणाऱ्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा. आणि तोवर त्या व्याजातून गावातल्या दहा शाळकरी पोरांना कलम करायचे चाकू आणि पट्ट्या घेऊन द्या.

बंद करणं म्हणजे पाप, असं मात्र मी म्हणत नाही. मुंबईची राणीची बाग एका बागप्रेमी संस्थेनंच उभी केली. आधी तिची बाग शिवडीला होती. ती जागा १८६१ साली दफनभूमीसाठी घेतली, मग भायखळ्याला नवी बाग, १८६२ ला खुली झाली. अकरा वर्षांत संस्थेचे पैसे संपले आणि १८७३ साली बाग पालिकेकडे गेली. संस्था गेली, पण जाताना बाग जाणत्या हातात देऊन गेली, आणि तिथली जुनी झाडं आजही मुंबईला सावली देताहेत. उलट पुण्याची एम्प्रेस गार्डन अजून अशाच एका बागप्रेमी संस्थेच्या हातात आहे. तिथला गारंबीचा महाकाय वेल बघितला नसेल तर जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं जाऊन या. नऊ जणांना घेऊन जा, दोघांना जिना नाही तिथं. वर्षभर टेबल मांडून बघा. तरी कुणी फिरकलं नाही तर बंद करा, पण त्याआधी प्रत्येक झाड दोन घरी पोचलेलं असू द्या.

नऊ हा आकडा तुम्ही लाज वाटल्यासारखा लिहिलाय, तो तसा नाही. ज्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं नाव वर आलं, ती १८०४ साली लंडनच्या एका पुस्तकाच्या दुकानात सुरू झाली तेव्हा सात जण होते.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. पत्रभर मंडळ थकलंय असं लिहिलंत, पण मला वाटतं तुम्ही थकलात. १४ वर्षं चिटणीसपद म्हणजे इतिवृत्तं, वार्षिक हिशोब, ऑडिट, फोन, हार आणि कुणाचे ना कुणाचे रुसवे. ते सोडून द्या, लगेच. खजिनदाराला चिटणीस करा आणि नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात पदाधिकारी बदलल्याचा बदल अर्ज दाखल करायला सांगा, नाहीतर पुढं कटकट होते. तुम्ही टेबलाशी बसा.

पाऊस ओसरत आलाय, छाटणी तोंडावर आलीय. ‘मास्तरांचा’ या वर्षी कडक छाटू नका. एकच झाड आहे, हलकी छाटणी पुरे. पेन्सिलएवढ्या जाडीच्या, निरोगी, नुकतीच फुलं येऊन गेलेल्या काड्या निवडा, वीतभर लांब. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि दुसऱ्या रविवारी टेबलावर ठेवा. काही काड्या बुडाला मूळ फुटायची पावडर लावून सावलीत लावा, पण सगळा भरवसा त्यांच्यावर ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत खुंटावर डोळेही भरून घ्या. कुणाला येत नसेल तर खजिनदाराला तो चार मिनिटांचा व्हिडिओ बघून यायला सांगा, आणि पहिला डोळा त्यालाच भरू द्या. पट्टीवर पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई उन्हात उडते.

दोन काड्या मला पाठवा. सांगलीला येणाऱ्या कुणाच्याही हाती चालतील. माझ्या वहीत पान काढून ठेवलंय.